मतदार-मार्गदर्शन

मतदानापूर्वी मतदाराला उमेदवाराविषयी किंवा मतास टाकलेल्या प्रश्नाविषयी मिळणारी माहिती, त्या माहितीचा अर्थ लावण्यास होणारे साहाय्य आणि हे दोन्ही पुरविणाऱ्या व्यवस्था यांस मतदार-मार्गदर्शन असे म्हणता येईल. प्रचार व मार्गदर्शन यांत तत्त्वतः भेद आहे. प्रचारकाचा हेतू मत मिळविणे हा असतो. मार्गदर्शकाचा हेतू मतदाराला स्वतःचे मत बनविता यावे हा असतो. व्यवहारात मात्र या दोहोंची सरमिसळ होते व मतदाराला बहुधा प्रचारातूनच मार्गदर्शन शोधावे लागते. मराठी भाषिकांच्या राजकीय इतिहासात या प्रश्नाची खरी कसोटी १९६७ मध्ये गोव्यातील जनमत कौलाच्या वेळी लागली. महाराष्ट्रातील दारूदुकानांविषयीचे मतदान आणि उमेदवारांची शपथपत्रे हे त्याच प्रश्नाचे पुढील टप्पे होत.

विषयाचे स्वरूप : सामान्य निवडणुकीत मतदाराला व्यक्तींमधून निवड करावयाची असते. पक्ष, पक्षाचे चिन्ह, उमेदवाराचे पूर्वचरित्र व स्थानिक ओळख यांच्या आधारे तो आपले मत ठरवितो. दोन प्रसंगी मात्र हे आधार अपुरे पडतात. पहिला प्रसंग म्हणजे व्यक्तीऐवजी एखादा प्रश्नच मतास टाकला जातो तेव्हाचा. अशा वेळी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यावयाचे असते. परंतु त्या उत्तराचे परिणाम कायदा, भाषा, जमीन, नोकऱ्या अशा अनेक क्षेत्रांत पसरलेले असतात. दुसरा प्रसंग न्यायाधीशांवरील मतदानाचा होय. न्यायाधीशाने पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहावे अशी अपेक्षा असल्यामुळे त्याच्या नावापुढे मतदाराला वाट दाखविणारी खूण सहसा नसते आणि त्याचे निकालपत्र वाचून त्याची पारख करणे सर्वसामान्य नागरिकाला शक्य होत नाही.

भारतात न्यायाधीशांची निवड मतदानाने होत नाही. सर्वोच्च व उच्च न्यायालयांतील नेमणुका संविधानाच्या अनुक्रमे १२४ व २१७ या अनुच्छेदांनुसार राष्ट्रपती करतात. त्यामुळे न्यायाधीशांसंबंधीचे मतदार-मार्गदर्शन हा आपल्याकडे प्रत्यक्ष व्यवहाराचा विषय झालेला नाही. प्रश्नावरील मतदानाचे प्रसंग मात्र आले आहेत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४७ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत व सिल्हेट येथे, १९४८ मध्ये जुनागढ येथे आणि १९७५ मध्ये सिक्कीममध्ये लोकांचा कौल घेण्यात आला. गोव्याचा कौल याच परंपरेतील असला, तरी त्यात विलीनीकरण देशाच्या अंतर्गत रचनेपुरते होते व दोन्ही पर्याय भारतीय संघराज्यातीलच होते.

विदेशांतील व्यवस्था : ज्या देशांत असे मतदान वारंवार होते, तेथे मार्गदर्शनाच्या औपचारिक व्यवस्था निर्माण झाल्या. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात विसाव्या शतकाच्या प्रारंभी मतदारांना कायदे सुचविण्याचा व त्यांवर मत देण्याचा अधिकार मिळाला. प्रस्तावांची संहिता आणि त्यांच्या बाजूचे व विरोधातील युक्तिवाद छापलेली पुस्तिका मतदारांना पाठविण्याची प्रथाही तेथे रूढ झाली. ब्रिटनमध्ये ५ जून १९७५ रोजी युरोपीय आर्थिक समूहात राहावे की नाही या प्रश्नावर सार्वमत झाले. त्या वेळी प्रत्येक घरी तीन पत्रके पोहोचविण्यात आली : एक शासनाच्या भूमिकेचे, एक अनुकूल पक्षाचे व एक प्रतिकूल पक्षाचे.

न्यायाधीशांच्या बाबतीत जपानचे उदाहरण लक्षणीय आहे. तेथील १९४७ च्या संविधानानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी लोकांकडून पुनरीक्षण होते. न्यायाधीशांचा परिचय व त्यांनी सहभाग घेतलेले प्रमुख निकाल यांची माहिती देणारे शासकीय पत्रक मतदारांना दिले जाते. तथापि अशा मतदानात एकही न्यायाधीश पदच्युत झालेला नाही. याउलट अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९८६ मध्ये देहान्त शिक्षेच्या प्रश्नावरून तीव्र प्रचार झाला आणि सरन्यायाधीश रोझ बर्ड यांच्यासह तीन न्यायाधीशांना मतदारांनी पदावरून दूर केले. एकीकडे अधिकृत माहिती असूनही मतदार उदासीन, तर दुसरीकडे एकाच मुद्द्यावरील प्रचाराने मतदार प्रक्षुब्ध, अशी ही दोन टोके आहेत. केवळ पत्रक वाटल्याने मार्गदर्शनाचे कार्य पुरे होत नाही, हे त्यांवरून दिसते.

‘कौल’ ही संज्ञा : मराठीत कौल या शब्दाला जुना इतिहास आहे. मध्ययुगीन राज्यव्यवहारात कौल म्हणजे राज्यकर्त्याने रयतेला दिलेले अभयवचन. पुण्याजवळील मावळ खोऱ्यांत सतराव्या शतकात उजाड जमिनी पुन्हा लागवडीस आणण्यासाठी असे कौल देण्यात येत. कोकणात व गोव्यात कौल म्हणजे संशयाच्या प्रसंगी देवतेकडे मागितलेला निर्णय. कौल लावणारा मनुष्य देवापुढे प्रश्न नीट मांडतो; कारण प्रश्न संदिग्ध असेल, तर उत्तरही संदिग्ध येते अशी समजूत असते. लोकशाहीत कौल देणारा राजा किंवा देव नसून मतदार असतो. मात्र प्रश्न स्पष्ट असावा व उत्तर देणाऱ्याला तो समजलेला असावा, ही अट तशीच राहते.

गोव्यातील जनमत कौल : गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि दमण व दीव यांसह केंद्रशासित प्रदेश बनला. डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सर्वाधिक जागा मिळाल्या व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही या पक्षाची मूलभूत भूमिका होती. डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोअन्स पक्ष हा प्रमुख विरोधी पक्ष होता. गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व व कोकणी भाषेचे स्वतंत्र स्थान हे त्याचे प्रतिपादन होते.

विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतील बहुमताने व्हावा, असे विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे होते. निवडणूक अनेक प्रश्नांवर लढविली जाते, म्हणून तिच्या निकालावरून एका प्रश्नावरचे लोकमत ठरविता येत नाही, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी लोकांचा थेट कौल घेण्याविषयी केंद्रीय नेतृत्वाकडे आग्रह धरला. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये गोवा, दमण व दीव जनमत कौल अधिनियम संमत केला. १६ डिसेंबर रोजी त्यास राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. मतदानाची तारीख १६ जानेवारी १९६७ ही होती. म्हणजे कायदा अस्तित्वात आल्यापासून मतदारांना बरोबर एक महिन्याचा अवधी मिळाला.

विश्वसनीयतेच्या दृष्टीने तत्पूर्वी घडलेली एक घटना महत्त्वाची आहे. सत्तारूढ पक्ष स्वतः एका बाजूचा पुरस्कर्ता असल्यामुळे शासनयंत्रणेचा उपयोग त्या बाजूस होईल, अशी शंका घेतली जात होती. बांदोडकर मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला व मतदानाच्या काळात प्रदेशाचा कारभार केंद्राच्या अधिपत्याखाली राहिला. प्रश्नावरील मतदानात शासनच पक्षकार असेल, तर त्याने दिलेल्या माहितीवर कोणी विश्वास ठेवावा, हा पेच अशा रीतीने सोडविण्यात आला. शासन निःपक्ष मार्गदर्शक झाले नाही. परंतु एका पक्षाच्या हातातील साधनही राहिले नाही.

पर्याय व चिन्हे : गोव्यातील मतदारांपुढे दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीन होणे किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. दमण व दीव येथील मतदारांना महाराष्ट्राऐवजी गुजरातमधील विलीनीकरणाचा पर्याय होता. स्वतंत्र घटकराज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. त्यामुळे विलीनीकरण नको असणाऱ्याला केंद्रशासित प्रदेशाच्या पर्यायाला मत द्यावे लागे, मग तो त्या व्यवस्थेवर संतुष्ट असो वा नसो. विलीनीकरणाच्या बाजूस फूल व केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूस दोन पाने ही चिन्हे होती. १९६१ च्या जनगणनेत या प्रदेशातील साक्षरांचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ कमी होते, हे लक्षात घेता चिन्हांचे महत्त्व कळून येते. मात्र चिन्हाने मत कोठे द्यावे हे समजते. का द्यावे हे समजत नाही.

मार्गदर्शनाची साधने : ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम वृत्तपत्रांनी, सभांनी व कलापथकांनी केले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या गोमन्तक या मराठी दैनिकाने विलीनीकरणाचा पुरस्कार केला. राष्ट्रमत हे दैनिकही मराठीतूनच निघत असे. पण त्याने विलीनीकरणास विरोध केला. चंद्रकांत केणी या पत्राशी निगडित होते आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातून प्रसिद्ध होई. मराठीतील या सदराने विलीनीकरणवाद्यांच्या युक्तिवादांचा क्रमशः समाचार घेतला. गोव्यातील हिंदू वाचकांची लिखित व्यवहाराची भाषा प्रामुख्याने मराठी असल्याने, मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी असे समीकरण मांडणे सोपे होते. राष्ट्रमतामुळे ते समीकरण टिकले नाही. एकाच भाषेत दोन्ही बाजू वाचावयास मिळणे, हे या कौलातील मार्गदर्शनाचे सर्वांत मोलाचे अंग म्हटले पाहिजे.

वाचता न येणाऱ्या मतदारापर्यंत गाणी व सभा पोहोचल्या. मनोहरराय सरदेसाई यांची कोकणी कविता आणि उल्हास बुयांव यांचे गायन यांचा विलीनीकरणविरोधी प्रचारावर मोठा प्रभाव होता. विलीनीकरणवाद्यांचा आधार मुख्यतः बहुजन समाजात होता. कूळ, शेतमजूर व लहान शेतकरी यांच्या दृष्टीने महाराष्ट्रातील शासन हे स्थानिक जमीनदार व उच्चवर्णीय यांच्या वर्चस्वातून मुक्त होण्याचे साधन होते. तेव्हा त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ भाषेचा नव्हता. दुसऱ्या बाजूस नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात गोवा एक जिल्हा म्हणून उरेल आणि तेथील दारूबंदी कायद्यामुळे माडाच्या व काजूच्या दारूवर पोट असणाऱ्यांचा व्यवसाय बुडेल, ही भीती मांडली गेली. दोन्ही बाजूंच्या प्रतिपादनात सत्याचा अंश होता व अतिशयोक्तीही होती. त्यांचा ताळमेळ घालून देणारी तटस्थ यंत्रणा मतदाराजवळ नव्हती. ब्रिटनमध्ये आठ वर्षांनंतर घरोघर पोहोचलेल्या त्रिविध पत्रकांशी तुलना केली असता ही उणीव विशेष जाणवते.

निकाल व त्याचा अर्थ : गोव्यातील ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्क्यांनी, मतदान केले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. मतांचा फरक ३४,०२१ होता. बाद झालेली मते सात हजारांच्या किंचित वर होती. दमण व दीव येथील मतदारांनीही केंद्रशासित प्रदेश राहण्याचाच निर्णय दिला.

या निकालाचा खरा अर्थ दोन महिन्यांनी स्पष्ट झाला. मार्च १९६७ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या व बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या मतदारसंघाने त्यांचा मुख्य प्रस्ताव जानेवारीत फेटाळला, त्यानेच मार्चमध्ये त्यांच्या हाती सत्ता सोपविली. मतदारांनी प्रश्न व पक्ष यांची गल्लत केली नाही, असा याचा अर्थ होतो. निवडणुकीचा निकाल म्हणजे प्रत्येक प्रश्नावरील लोकमत नव्हे, हा कौलाच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवादही त्यामुळे अनुभवाने सिद्ध झाला. मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय, म्हणजे घटकराज्याचा दर्जा, गोव्याला ३० मे १९८७ रोजी मिळाला. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात अस्मिता दिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रातील दारूदुकानांविषयीचे मतदान : गोव्याच्या कौलासारखे व्यापक मतदान महाराष्ट्रात झालेले नाही; परंतु लहान प्रमाणावर प्रश्नावरील मतदानाची एक पद्धत येथे रूढ आहे. २००८ च्या शासन आदेशान्वये गावातील परवानाधारक दारूदुकान बंद करण्याची मागणी महिला मतदारांना किंवा एकूण मतदारांना करता येते. पुढे नागरी प्रभागांसाठीही अशीच तरतूद झाली. ठरावीक संख्येने सह्या झाल्यास व त्यांची पडताळणी झाल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे ते बंद व्हावे. ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच ग्रामीण भागात प्रचलित झाला.

या मतदानात बहुमत पडलेल्या मतांवरून नव्हे, तर यादीतील नोंदणीकृत मतदारांच्या संख्येवरून मोजण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. परिणामी घरी राहिलेली स्त्री दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखी होते. हा नियम मतदारांना आधी समजावून सांगितलेला नसेल, तर बंदी हवी असणाऱ्या स्त्रियाही कामावर निघून जातात आणि पडलेल्या मतांत मोठी आघाडी असूनही ठराव फसतो. येथे मार्गदर्शन म्हणजे दारूचे दुष्परिणाम सांगणे नव्हे, ते स्त्रियांना ठाऊकच असतात. तर मत कसे मोजले जाते हे सांगणे होय. हे काम बहुतेक ठिकाणी महिला मंडळे, बचत गट व व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते यांच्याकडे आले. फूल व दोन पाने यांप्रमाणेच बाटलीचे चिन्ह निरक्षर मतदाराला सोयीचे असले, तरी नियम चिन्हातून कळत नाही.

उमेदवारांची शपथपत्रे : व्यक्तींच्या निवडीच्या बाबतीत विश्वसनीय माहितीचा अधिकार मतदाराला न्यायालयामार्फत मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिलेल्या निर्णयात, उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. हा अधिकार मर्यादित करणारी कायद्यातील दुरुस्ती १३ मार्च २००३ च्या निर्णयाने रद्दबातल ठरली. तेव्हापासून फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी व शिक्षण यांविषयीचे शपथपत्र उमेदवाराला नामनिर्देशनपत्राबरोबर द्यावे लागते व ते जाहीर केले जाते. महाराष्ट्रात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीतील स्थानिक संस्थांच्या निवडणुकांतही अशी माहिती घेतली जाते.

या माहितीची गरज सर्वत्र सारखी नसते. मावळ तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या भागांतील गावांत ग्रामपंचायतीच्या उमेदवाराचे घर, जमीन, भाऊबंदकी व वर्तन गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असते. तेथे शपथपत्र फारशी भर घालीत नाही. लोणावळा नगरपरिषदेच्या मतदाराची स्थिती काहीशी निराळी आहे. बोरघाटाच्या माथ्यावरील या गावात रेल्वे, पर्यटन व व्यापार यांच्या निमित्ताने बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक पुष्कळ असल्यामुळे परस्परांची जुनी ओळख गृहीत धरता येत नाही. लोकसभेच्या निवडणुकीत तर अंतर आणखी वाढते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये प्रथम निवडणूक झालेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत व उरण हे विधानसभा मतदारसंघ येतात. घाटावरचा शेतकरी, पिंपरीचा कामगार व उरणचा कोळी हे एकच प्रतिनिधी निवडतात. येथे गावकीचे ज्ञान निरुपयोगी ठरते आणि मतदाराला कागदावर अवलंबून राहावे लागते.

त्या कागदाच्याही मर्यादा आहेत. शपथपत्र हे उमेदवाराचे स्वतःविषयीचे निवेदन असते. निवडणूक निर्णय अधिकारी त्याच्या सत्यतेची हमी देत नाही. खोटी माहिती देणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५ अ अन्वये गुन्हा असला, तरी मतदानाच्या दिवसापूर्वी त्याचा निर्णय लागणे दुरापास्त असते. प्रकरण दाखल असणे व दोष सिद्ध होणे यांतील फरकही मतदाराने स्वतःच ओळखावयाचा असतो.

मूल्यमापन : या तिन्ही उदाहरणांतून एक समान सूत्र दिसते. मतदान कसे घ्यावे याविषयी कायद्याने पुष्कळ काळजी घेतली. मतदाराला विषय कसा समजावा याविषयी त्या मानाने थोडी घेतली. ती पोकळी पक्ष, वृत्तपत्रे, गायक, महिला मंडळे व न्यायालये यांनी आपापल्या परीने भरून काढली. सर्वस्वी तटस्थ असा मार्गदर्शक यांपैकी कोणीही नव्हता. गोव्यातील मतदाराला तो मिळाला नाही, तरी परस्परविरोधी आणि उघडपणे आपली बाजू सांगणारे दोन मार्गदर्शक त्याच्या भाषेत त्याच्यापुढे होते व शासनाची सत्ता त्यांपैकी एकाच्याही हाती नव्हती. एवढ्या सामग्रीवर त्याने प्रश्न आणि पक्ष वेगळे ओळखले. बाजू लपविणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा बाजू सांगणारे दोन मार्गदर्शक मतदाराला अधिक उपयुक्त ठरतात, असा या अनुभवाचा निष्कर्ष काढता येतो. मात्र त्यासाठी दोन्ही बाजू मतदारापर्यंत पोहोचणे, प्रश्नाची मांडणी स्पष्ट असणे व मत मोजण्याचा नियम आधी ठाऊक असणे या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. यांपैकी एकही अट अपुरी राहिली, तर मतदान बिनचूक पार पडूनही कौल अपुरा राहतो.